मधुमेह आणि वनस्पतींचे अर्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहाचं निदान झालं की पहिल्याच आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कारल्याचा रस घ्या, मेथी भिजवा, गुडमार चघळा, दालचिनी उकळा. यातलं काही निव्वळ ऐकीव असतं आणि काहीत खरंच तथ्य असतं. अडचण एवढीच की दोन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे सांगितल्या जातात. खालची उत्तरं टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांना समोर ठेवून लिहिली आहेत. टाइप १, गरोदरपण, मूत्रपिंडाचे विकार यांची गोष्ट वेगळी, ती त्या त्या ठिकाणी येईल.

वनस्पतींनी रक्तातली साखर खरंच कमी होते का?

काही वनस्पतींनी होते, यात वाद नाही. जगात टाइप २ साठी सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, हिचं मूळच एका रानटी झुडपात आहे. गॅलेगा ऑफिसिनालिस हे त्याचं नाव. युरोपात ते जुन्या काळापासून औषधी म्हणून माहीत होतं. त्यात गॅलेगीन नावाचं द्रव्य असतं आणि ते साखर उतरवतं. पण ते विषारीही आहे. हे झुडूप चरलेल्या मेंढ्या मरतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याच जातीची, पण शरीराला सोसतील अशी द्रव्यं शोधत राहिले. मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा तयार झालं. योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत टोरांटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. इन्सुलिनच्या झगमगाटात मेटफॉर्मिन मागे पडलं ते १९५७ पर्यंत. त्या वर्षी फ्रान्समधल्या जाँ स्टर्न या डॉक्टरने रुग्णांवर वापरून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत मान्यता मिळायला १९९४ उजाडलं.

दुसरं उदाहरण सफरचंदाच्या झाडाचं. त्याच्या मुळाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं. ते दिलं की लघवीवाटे साखर बाहेर पडते. मात्र पोटातून घेतलं तर ते आतड्यातच मोडतं, वर जुलाब होतात, म्हणून ते जसंच्या तसं औषध होऊ शकलं नाही. त्याच्या रचनेत बदल करत करत डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही आजची औषधं निघाली.

म्हणजे झाडात गुण होता. पण दोन्ही वेळा मूळ द्रव्य जसं होतं तसं कामाला आलं नाही. विष काढावं लागलं, मात्रा बांधावी लागली, शोषण सुधारावं लागलं. बाटलीतल्या अर्काबद्दल हेच विचारायचं असतं : यातलं काय काय झालं आहे?

चूर्ण, काढा, घन, अर्क : एकच गोष्ट वेगवेगळ्या रूपात, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

चूर्ण म्हणजे वाळवलेला भाग दळून, त्यात सगळंच असतं. काढ्यात पाण्यात विरघळणारं उतरतं, बाकीचं चोथ्यात राहतं. काढा आटवून कोरडा केला की घन. जुन्या पद्धतीचा अर्क म्हणजे वाफेवर उतरवलेला. त्यात फक्त वाफेबरोबर उडणारे घटक येतात आणि जड घटक भांड्यातच राहतात. आजकाल कॅप्सूलवर ‘अर्क’ लिहिलेलं असतं ते बहुधा पाणी किंवा अल्कोहोल वापरून काढलेलं कोरडं सत्त्व असतं. शब्द एक, वस्तू वेगळ्या.

मेथीचं उदाहरण घ्या. मेथीच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तंतू असतात. त्यातला गॅलॅक्टोमॅनन हा चिकट तंतू पाण्यात फुगतो, पोटातलं अन्न दाट करतो आणि साखर रक्तात हळूहळू शिरू देतो. दाण्यात ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं एक अमिनो आम्लही असतं, त्याचा इन्सुलिन स्रवण्याशी संबंध दाखवला गेला आहे. आता अल्कोहोलने अर्क काढला की तंतू मागेच राहतात. मग मेथीची पूड घेऊन झालेल्या प्रयोगाचा आधार त्या अर्काला कसा लागेल? आणि अर्कावर झालेला प्रयोग भिजवलेल्या दाण्यांना कसा लागेल?

लेबलवर ‘१०:१’ असं दिसतं. त्याचा अर्थ दहा किलो मालापासून एक किलो अर्क निघाला, एवढाच. दहापट गुणकारी असा त्याचा अर्थ नाही. दुसरा आकडा असतो प्रमाणित घटकाचा, म्हणजे ‘जिम्नेमिक आम्लं २५ टक्के’ अशा प्रकारचा. तो आकडा जास्त कामाचा, कारण त्यावरून या महिन्याची बाटली आणि पुढच्या महिन्याची बाटली यांची निदान तुलना तरी करता येते.

मग कोणत्या वनस्पतींमागे थोडाफार पुरावा आहे?

मला विचाराल तर यादीत सगळ्यात वरती इसबगोल येतो, आणि त्याची जाहिरात सगळ्यात कमी होते. तो अर्क नाही, बियांचा भुसा आहे. जेवणाआधी भरपूर पाण्याबरोबर घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. ज्यांची साखर मुळात जास्त, त्यांच्यात परिणामही जास्त दिसतो. शिवाय कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. त्याच्याखालोखाल मेथीचे दाणे, त्याच चिकट तंतूंमुळे. पोट फुगणं, गॅस, कधी जुलाब हा त्याचा सोबतचा प्रसाद. घामाला आणि लघवीला पाकासारखा गोड वास आला तर घाबरू नका. तो मेथीतल्या सोटोलोन नावाच्या द्रव्याचा असतो. मात्र मेथी न घेताच लघवीला किंवा श्वासाला असा वास येत असेल, तर तपासणी करून घ्या.

गुडमार ऊर्फ मधुनाशिनी ऊर्फ बेडकुळी, शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे. पान चघळून वर साखर तोंडात टाकली तर ती वाळूसारखी लागते. जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना अडवतात आणि हा खेळ अर्धा-पाऊण तास टिकतो. गोडाची ओढ कमी करायला याचा उपयोग होऊ शकतो. पण जिभेला साखर कळेनाशी होणं आणि रक्तातली साखर कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातल्या साखरेबद्दल नेहमी दाखला दिला जातो तो १९९० सालच्या एका अभ्यासाचा. त्यात २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला, साखर उतरली आणि पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. ऐकायला छान. पण २२ म्हणजे मूठभर माणसं, आणि आपण काय घेतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून आशा धरता येते, भरवसा ठेवता येत नाही.

कारल्यात चॅरंटिन नावाचं द्रव्य आहे, इन्सुलिनसारखं वागणारं एक पॉलिपेप्टाइड (छोटं प्रथिन) आहे, प्रयोगशाळेत सगळं उत्तम दिसतं. माणसांत मात्र गाडी अडते. २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपचारांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) चार चाचण्या आणि ४७९ माणसं धरून निष्कर्ष निघाला की टाइप २ साठी कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. २०११ च्या एका चाचणीत रोज २,००० मिलिग्रॅम कारल्याने दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखवणारं फ्रुक्टोसामाइन थोडं उतरलं, पण १,००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनने त्याहून जास्त उतरलं.

दालचिनीची कथा बघण्यासारखी आहे. २००३ साली पाकिस्तानातल्या ६० रुग्णांना ४० दिवस १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी दिली आणि उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्के उतरली. बातम्या जगभर गेल्या. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले, तेव्हा आकडे एकमेकांशी जुळेनात. २०१२ चा कॉक्रेन आढावा (दहा चाचण्या, ५७७ माणसं) इथेही ‘पुरेसा पुरावा नाही’ असंच म्हणतो. लोकांच्या लक्षात मात्र २००३ राहिलं.

दारुहळदीतलं बर्बेरिन हे या घोळक्यातलं सगळ्यात ‘औषधासारखं’ द्रव्य. २००८ सालच्या चीनमधल्या एका छोट्या अभ्यासात रोज तीनदा ५०० मिलिग्रॅम बर्बेरिनचा परिणाम मेटफॉर्मिनच्या जवळपास आला. मात्र औषधासारखं वागतं म्हणूनच ते इतर औषधांशी भांडतंही. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

विजयसार, म्हणजे बिबळ्याचं लाकूड. यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची बहुकेंद्री चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. तुलनेसाठी दुसरा गट मात्र ठेवला नव्हता, त्यामुळे औषधाचा वाटा किती आणि पथ्याचा किती हे सांगता येत नाही. लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला हा निष्कर्ष लावू नये. पेल्यातून रोज किती द्रव्य उतरतं हे पेला किती जुना आहे यावरही ठरतं.

हळदीबद्दल २०१२ सालची थायलंडमधली चाचणी बोलकी आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांपैकी निम्म्यांना नऊ महिने कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, दिलं. नुसत्या नकली कॅप्सूलच्या गटात १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिनच्या गटात कुणालाच नाही. निकाल इतका चोख की त्याची दुसरीकडे खात्री झाल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असं मला वाटतं. जांभळाच्या बियांना नाव मोठं आहे, पण माणसांवरचा पुरावा तुटपुंजा. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा देऊन पाहिला, तर साखर उतरली नाही.

कडू खाल्लं की गोड उतरतं, हे खरं आहे का?

नाही. चव जिभेवर संपते. कडू आणि गोड रक्तात एकमेकांना खोडून काढत नाहीत. कारलं आणि गुडमार कडू आहेत, पण इसबगोल बेचव आहे आणि तोच जास्त भरवशाचा. उलट कितीतरी कडू वनस्पती साखरेचं काहीच करत नाहीत, आणि काही विषारी असतात. दुधीभोपळ्याचा रस कडू लागला तर तो थुंकून टाका. त्या कडूपणामागे कुकुर्बिटासिन असतं आणि त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.

अर्क सुरू केला, शुगर नॉर्मल आली. आता गोळ्या बंद करू?

करू नका. साखर नॉर्मल आली ती गोळ्या चालू असताना. अर्कामुळे आली की गोळ्यांमुळे, की गेल्या महिन्यापासून चालायला लागलात म्हणून, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

दुसरं कारण अधिक मोठं आहे. उपचार करायचा तो डोळे, मूत्रपिंड, हृदय, पायांच्या नसा वाचवण्यासाठी. साखरेचा आकडा ही फक्त मोजपट्टी. मेटफॉर्मिनबद्दल १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासात जाड रुग्णांमध्ये मधुमेहाशी संबंधित मृत्यू कमी झालेले दिसले. वनस्पतींवरच्या वर दिलेल्या चाचण्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या आहेत. त्यांनी साखर मोजली, डोळे आणि मूत्रपिंडं मोजली नाहीत.

गोळ्या कमी होऊ शकतात, बऱ्याच जणांच्या होतात. पण ते डॉक्टरांनी आकडे बघून, एकेक पायरी उतरत करायचं काम आहे.

टाइप १ मध्ये चालेल का?

इन्सुलिनच्या ऐवजी, कधीच नाही. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात आणि कुठलाही अर्क ती जागा भरत नाही. इन्सुलिन थांबवलं तर दोन-चार दिवसांत, कधी त्याआधीच, रक्तात आम्ल साचून माणूस बेशुद्ध होतो. लहान मुलांच्या बाबतीत ‘थोडे दिवस करून बघू’ हा प्रयोग जिवावर बेतलेला आहे.

गोळ्यांसोबत घेतलं तर काय बिघडतं?

कोणत्या गोळ्या यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्यावर साखर उतरवणारा अर्क म्हणजे दोन माणसांनी एकाच वेळी ब्रेक दाबण्यासारखं. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, भूक लागते, चिडचिड होते. पुढे बोलणं तुटक होतं आणि शुद्ध हरपते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड कमी जाणवते, कधी जाणवतच नाही, घाम मात्र येतो. साखर अशी खाली गेली की कुणीही लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, अजून खालीच असेल तर पुन्हा घ्यावं. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या चालू असतील तर साधी साखर पटकन काम करत नाही, ग्लुकोजच लागतं. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

मेथी आणि इसबगोल वेगळ्या वाटेने अडचण करतात. चिकट थरात दुसऱ्या गोळ्या अडकून त्यांचं शोषण घटू शकतं. थायरॉइडच्या गोळीबाबत तर हे हमखास बघावं. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

बर्बेरिन यकृतातल्या ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) कितीतरी औषधं मोडली जातात, त्यांनाच अडवतं. मग ती औषधं रक्तात साचतात. अवयव प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन हे औषध घेणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मेथी किंवा हळदीचे अर्क सुरू करण्याआधी विचारावं. मधुमेहाच्या मिश्र चूर्णांत कधी कधी ज्येष्ठमधही असतं. ते जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. घटकांची यादी वाचल्याशिवाय हे कळत नाही.

नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही, असं सांगतात ते?

जे शरीरात बदल करू शकतं, ते नको तो बदलही करू शकतं. ‘गुण नक्की, अपाय अजिबात नाही’ असं कुणी म्हणत असेल तर दोन्हींपैकी एक वाक्य खोटं आहे.

यकृताचं बघा. हळदीचे तीव्र अर्क, विशेषतः शोषण वाढवण्यासाठी मिरीतलं पायपेरिन घातलेले, घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. रोजच्या जेवणातली हळद हा वेगळा विषय, तिची भीती नको. गुळवेलीच्या सेवनानंतर कावीळ झालेल्या रुग्णांचं वर्णन २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. त्यातल्या काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली होती. गुडमारनंतरही यकृतविकाराची नोंद आहे. अशी प्रकरणं दुर्मीळ असतात, पण भूक मरणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं यांपैकी काही झालं तर त्या क्षणी सगळं थांबवायचं.

दालचिनी दोन प्रकारची मिळते. जाड, कडक सालीची कॅसिया आणि पातळ पापुद्र्यांची सिलोन. कॅसियात कुमॅरिन नावाचं द्रव्य बरंच असतं, ते जास्त झालं तर यकृताला बाधतं. युरोपात ठरवलेली कुमॅरिनची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.१ मिलिग्रॅम. रोज चमचाभर कॅसिया घेतली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

कारल्याच्या बियांत व्हायसिन नावाचं द्रव्य असतं. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक जोरदार रेचक आहे, गर मात्र वेगळा.

एका कॅप्सूलने आठ दिवसांत शुगर ३०० वरून ११० वर आली. जादू आहे ना?

मला अशा वेळी आनंदापेक्षा शंका जास्त येते. खऱ्या वनस्पतीचा परिणाम सावकाश आणि माफक असतो. आठ दिवसांत इतका फरक पडला, तर त्या कॅप्सूलमध्ये लेबलवर न लिहिलेलं आधुनिक औषध मिसळलेलं असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी.

हे ऐकीव नाही. २००९ साली चीनच्या शिनजियांग प्रांतात मधुमेहाच्या ‘पारंपरिक’ कॅप्सूल घेऊन दोघे दगावले. त्यात ग्लिबेनक्लामाइड भरपूर होतं. त्याच्या आदल्या वर्षी सिंगापूरमध्ये पाच महिन्यांत दीडशे लोक साखर एकदम खाली गेल्यामुळे रुग्णालयात आले. बहुतेकांना मधुमेहच नव्हता. लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांत तेच ग्लिबेनक्लामाइड निघालं. चार जण गेले. अशा मालात फेनफॉर्मिनही सापडतं, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साचवतं म्हणून १९७० च्या दशकात बहुतेक देशांनी बंद केलेलं औषध.

जादूची गोळी घेणाऱ्याच्या डॉक्टरला काहीच माहीत नसतं. तो आपल्या औषधाचा डोस ठरवत राहतो, आणि आत दुसरंच काही चाललेलं असतं.

मला उपयोग होतोय की नाही, कसं ओळखू?

‘बरं वाटतं’ यावरून नाही. साखर २०० असतानाही पुष्कळांना बरंच वाटतं.

आधी दोन आठवडे काहीही न बदलता साखर मोजून लिहून ठेवा : उपाशीपोटी, आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी. त्याच सुमारास एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. मग डॉक्टरांना सांगून एकच गोष्ट सुरू करा. एकाच कंपनीची, एकाच मात्रेत, एकाच वेळी घ्या. पाच वनस्पतींचं मिश्रण घेतलं तर गुण कुणाचा आणि अपाय कुणाचा हे कधीच कळणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी. हा आकडा तांबड्या पेशींच्या आयुष्याशी बांधलेला असतो, म्हणून तीन महिन्यांआधी त्याची घाई करू नये. रक्तक्षय असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर तो आकडाच फसवतो, हेही लक्षात असू द्या.

माणूस नवं औषध शोधतो तेव्हा त्याची साखर बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत असते. ताप येऊन गेलेला असतो, झोप बिघडलेली असते, लग्नकार्य झालेलं असतं. ती पुढे आपोआपही थोडी खाली येते. श्रेय जातं बाटलीला. तीन महिन्यांनी फरक दिसला नाही तर बंद करा, आणि ‘आणखी थोडे दिवस’ हा मोह आवरा.

रोज किती घ्यावं?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही, आणि असा आकडा देणाऱ्यापासून जपून राहा. ज्या रूपातल्या, ज्या प्रमाणित अर्कावर चाचणी झाली, त्याचीच मात्रा अर्थपूर्ण असते. इसबगोलाबाबत एवढं सांगता येतं की अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा, प्रत्येक वेळी भांडंभर पाणी प्या आणि हळूहळू वाढवा. कोरडा घेतला तर घशात अडकतो.

कोणी घेऊच नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कारल्याचे, गुडमारचे, बर्बेरिनचे अर्क घेऊ नयेत. बर्बेरिनने नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाण्याचा धोका असतो. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असलेल्यांनीही दूरच राहावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी सगळे अर्क बंद करून भूलतज्ज्ञाला तसं सांगावं. एकटे राहणारे वयस्कर, ज्यांची साखर रात्री खाली गेली तर उठवायला कुणी नाही, त्यांच्यासाठी धोका फायद्याहून मोठा आहे. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी मेथी जपून घ्यावी, तीही त्याच कुळातली आहे.

विकत घेताना काय बघू?

वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, प्रमाणित घटकाची टक्केवारी, बॅच नंबर आणि जड धातूंची तपासणी. शेवटचं सोडू नका. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली, त्यात साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ‘गुप्त सूत्र’ लिहिलेली बाटली तिथेच परत ठेवा. ‘मधुमेह मुळापासून बरा’ लिहिलेलीही.

डॉक्टरांना सांगितलं तर रागावतात. न सांगता घेतलं तर?

काही डॉक्टर रागावतात, हे खरं आहे, आणि त्यामुळेच माणसं लपवतात. तरीही सांगा. ‘मी वनौषधी घेऊ का?’ असं विचारलं तर ‘नको’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी बाटली टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘मी हे अमुक तारखेपासून रोज दोन घेतोय, माझ्या गोळ्यांशी याचं काही भांडण आहे का, आणि यकृताची, मूत्रपिंडाची तपासणी कधी करू?’ या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. साखर मोजलेली वही सोबत असेल तर आणखी बरं. आयुर्वेदाच्या वैद्यांकडून औषध घेत असाल तर त्यांनाही तुमच्या गोळ्यांची पूर्ण यादी, नावं आणि मिलिग्रॅमसकट, दाखवा. आणि तीच यादी पाकिटातही ठेवा, कारण साखर खाली गेलेल्या माणसाला स्वतःच्या औषधांची नावं आठवत नाहीत.